गालावरची तीट

“कान झाकले बघ परत. न्हाव्याकडं जायला ह्याला वेळ मिळत नाही व्हय?”

मी ओट्याशी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या खोलीत आमचे हे टीव्हीपुढं बसून पुटपुटत होते. रागाचा आवाज नव्हता तो. मुलगा बाहेरगावाहून आला की बाप त्याला दारातच कुरकुरत घेतो ना, तसला. टीव्हीवर राष्ट्रपतिपदाचे उमेदवार शशिकांत ऐनापुरे बोलत होते. मी भाकरी तव्यावर टाकली आणि माझा हात तिथंच राहिला. कारण ऐनापुरे साहेबांचे केस त्याच सकाळी मी स्वतः कापले होते. कानाच्या वर चांगली दोन बोटं.

केस कानांवर यायचे ते आमच्या पोराचे, निखिलचे.

पिठाच्या हातानंच बाहेर आले. पडद्यावर साहेबच होते. तेच जाकीट, तोच घोगरा आवाज. पण हनुवटीपाशी, डोळ्यांच्या कोपऱ्यांत काहीतरी आमच्या घरातलं होतं. नीट बघायला जावं तर निसटायचं, नजर जरा सैल सोडली की परत यायचं.

“काय म्हणालात?” मी विचारलं.

“कुठं काय?” रंगराव म्हणाले. “भाकरी करपली बघ तुझी.”

खरंच करपली होती. ती मीच खाल्ली.

मी कुंदा. तोंडं रंगवते. कुठल्या संस्थेत शिकले नाही. कोल्हापूरच्या एका जुन्या स्टुडिओत केस विंचरायला म्हणून लागले आणि हौसाबाई नावाच्या रंगभूषाकार बाईंच्या शिव्या खात शिकले. तिथंच ऐनापुरे साहेब माझ्या खुर्चीत आले. त्यांच्या मालिकेत ते ‘आबा’ होते. झोपाळ्यावर बसून घरातल्या सगळ्यांचे तंटे मिटवणारे आबा. मालिका अकरा वर्षं चालली, नऊ भाषांत गेली. देशभरातल्या बायका भाजी निवडताना आबांशी बोलायच्या. मग घटना बदलली, राष्ट्रपती थेट लोकांनी निवडायचा असं ठरलं आणि एक पक्ष स्टुडिओच्या पायऱ्या चढून आला. त्यांना नेता शोधायचा नव्हता. नेता कुठंही मिळतो. त्यांना घराघरात आधीच येऊन बसलेला माणूस हवा होता.

पक्षानं साहेबांना ‘समीप’ नावाच्या प्रचार कंपनीच्या हवाली केलं. करार असा की निवडणूक होईपर्यंत साहेबांचा चेहरा फक्त कंपनीच्या कॅमेऱ्यातून बाहेर जाईल. सभा नाही, मुलाखत नाही, कुणाला समोरासमोर भेटायचं नाही. फोनसुद्धा कंपनीचाच. दोन वर्षं हा माणूस देशातल्या प्रत्येक पडद्यावर दिवसातून चार वेळा दिसत होता आणि प्रत्यक्षात त्याला बघणारे आम्ही बाराजण होतो.

माझं काम बदललं. साहेबांच्या डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे, नाकाशेजारी तीळ आहे, एक गाल दुसऱ्यापेक्षा जरा उतरलेला आहे. हे सगळं रोज पहाटे झाकायचं, सपाट करायचं, चकाकी मारायची. बावीस वर्षं मी तोंडावर माणूस काढत आले. आता माणूस पुसायला बसले.

“हे असं कोरं तोंड करून काय करता ओ तुम्ही?” मी एकदा डॉक्टर मृण्मयी करमळकरना विचारलं. मेंदूच्या अभ्यासातली बाई, पुण्याची, समीपमध्ये चेहऱ्याचं सगळं तिच्याकडं. डबा खाता खाता तिनं समजावलं.

“कुंदाताई, चेहरे ओळखायला मेंदूत वेगळी जागा असते. कानाच्या मागं, थोडी खाली. समोर काही आलं की सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात ती सांगते, हे तोंड आहे. पाव सेकंदात सांगते, ओळखीचं आहे की परकं. पण ‘आपलं’ आहे का, ते ती नाही ठरवत. ते दुसरीकडं ठरतं आणि तो कारभार जरा भोळा आहे. एखादं तोंड शंभरदा दिसलं की तेवढ्यावरच तो त्याला आपलं मानतो. म्हणून तर पुढारी चौकाचौकात फलक लावायचे.”

“मग आता?”

“आता सगळ्यांचेच फलक आणि सगळेच दिवसभर दिसतात. लोकांना वीट आला. म्हणून आम्ही दाखवणं वाढवलं नाही. मिसळायला लागलो.”

ते मिसळणं म्हणजे ‘जुळणी’. आपल्या फोनमध्ये हजारो फोटो असतात. त्यातला एखादा आपण उघडतो तेव्हा समोरचा कॅमेरा डोळ्याची बाहुली बघत असतो. जिवाचं माणूस दिसलं की बाहुली मोठी होते. ते आपल्या हातात नसतं. तोंडानं कितीही खोटं बोलता येतं, बाहुलीनं येत नाही. ज्या फोटोला ती सगळ्यात जास्त पसरते, त्या चेहऱ्यातला अठरा टक्के भाग साहेबांच्या चेहऱ्यात घालायचा. कमी घातला तर मन हलत नाही, तिसाच्या वर गेला तर माणूस दचकतो. प्रत्येकाला आपापला. फोन घरातल्या ज्या टीव्हीला जोडलेला, तिथंही तोच. आणि चेहरा जितका कोरा, तितकं त्यात दुसरं माणूस छान मुरतं.

परवानगी आपण कधीच दिलेली असते, फुकट इंटरनेट मिळालं त्या दिवशी ‘पुढे’ दाबून. कुणीतरी कोर्टात गेलं होतं. समीपचे वकील म्हणाले, उमेदवारानं रंगभूषा केलेली चालते, दिवे लावलेले चालतात, मग हेही चालतं. म्हणजे माझ्या पावडरीच्या पफाची साक्ष काढून ते जिंकले.

“आणि फोटोतलं माणूस जिवंत नसलं तर?” मी विचारलं.

“यंत्राला ते कळत नाही. त्याला बाहुली कळते.” मृण्मयीनं डब्याचं झाकण लावलं. “बहुतेक वेळा नसतंच ताई. जिवंत माणसाचा फोटो आपण इतका वेळ कुठं बघतो?”

“तुम्हाला कोण दिसतं?”

“मी माझं बंद ठेवलंय,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

जुळणी एकदाच सुटली होती. मागच्या उन्हाळ्यात साहेबांच्या कपाळावर डास चावला आणि माझ्या रंगाच्या थराखालून तो लाल फोड वर आला. यंत्राला रोजचा कोरा चेहरा पाठ झालेला. नवा ठिपका दिसला की ते गोंधळतं, सगळा चेहरा पुन्हा मोजायला घेतं आणि तेवढ्या वेळात मिसळलेलं माणूस गळून पडतं. चाळीस सेकंद देशानं खरे ऐनापुरे बघितले. तासाभरात लाखो तक्रारी आल्या. “आमच्या साहेबांच्या जागी हा कोण बसवला?” तेव्हापासून मृण्मयी रोज भिंग घेऊन त्यांचा चेहरा तपासायची. भाषणं रेकॉर्ड करूनच सोडायला लागले.

आता निखिलचं सांगायला पाहिजे.

सहा वर्षांपूर्वीच्या महापुरात नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं काढायला तालमीतली पोरं नाव घेऊन गेली. त्यात आमचा निखिल होता, चोवीस वर्षांचा. चार फेऱ्या झाल्या. पाचवीला त्याचे हात थरथरत होते. रंगराव काठावर उभे होते. “एवढी एक मार,” ते म्हणाले, “कौलावर म्हातारी बसलीय अजून.” आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी नाव पाण्यात ढकलली. नाव सापडली. बरोबरची दोन पोरं सापडली. निखिल सापडला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात ‘निखिल असता तर’ म्हणतात, ‘निखिलच्या वेळेला’ म्हणतात. पुढचा शब्द कुणी काढत नाही. एकदा माझे थोरले दीर दिवसकार्याचं बोलायला आले होते. ह्यांनी त्यांना चहा होण्याआधी वाटेला लावलं.

तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी स्टँडवर जुन्या ड्रायव्हरांच्या कट्ट्यावर जायचे. ते बंद झालं. दिवसाची चारही भाषणं. मग मला विचारणार, “वेळेवर जेवतात का गं साहेब?” आणि मी सांगणार, “जेवतात.” एकदा म्हणाले, “त्यांना थंडी सोसत नाही. सांग कुणाला तरी, मफलर देत जा म्हणावं.” थंडी निखिलला सोसायची नाही. मी म्हटलं, “सांगते.”

आमची सगळी गल्लीच संध्याकाळी सातला गप्प व्हायची. शेजारच्या हिराक्का भाषण संपलं की डोळे टिपत दारात यायच्या.

“काय म्हणाले ओ आज?” मी विचारायची.

“चांगलं बोलले की.”

एकदा साहेबांनी, म्हणजे त्यांना लिहून दिलेल्या कागदानं, असं मागितलं होतं की राष्ट्रपतीला सहा महिने संसदेला न विचारता कायदे करता यावेत. मी हिराक्कांना तेवढं सांगितलं.

“मग द्यायचे की,” त्या म्हणाल्या. “त्यांना नाही द्यायचे तर कुणाला?”

त्यांच्या मालकांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तुम्हाला कोण दिसतं, असं गल्लीत कुणीच कुणाला विचारत नव्हतं. मीही विचारलं नाही. मला तरी कुठं सांगायचं होतं, की येता-जाता बसमध्ये खिडकीकडं तोंड करून मीही फोन उघडते? सकाळी ज्या तोंडाला हात लावला, त्याच तोंडात संध्याकाळी माझा मुलगा शोधते?

शेवटच्या भाषणाच्या दोन दिवस आधी साहेब खुर्चीत बसले आणि हसायला लागले.

“काल आईला फोन केला. व्हिडिओ.”

त्यांच्या आई गडहिंग्लजला, लेकीकडं. अठ्ठ्याऐंशी वय, पण नजर धड.

“काय म्हणाल्या?”

“मला बघितलं आणि डोक्यावर पदर घेतला.”

मी स्पंज खाली ठेवला. साहेब अजून हसतच होते, पण आरशातल्या डोळ्यांत आता ते हसणं नव्हतं.

“बाप जाऊन तीस वर्षं झाली माझा. मला ‘अहो’ म्हणाली गं. खाली बघून म्हणाली, उशीर केलात, पान वाढू का?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? वाढ म्हणालो.”

निवडून येणार हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, गेटवरच्या माणसालासुद्धा माहीत होतं. साहेबांनी डोळे मिटून तोंड माझ्याकडं केलं.

“परवाचं भाषण थेट आहे. निवडणूक आयोगाचा नियम. मध्ये कापता येत नाही, थांबवता येत नाही. आई बघणार आहे.” मग म्हणाले, “एकदा तिला मी दिसलो असतो. तू काही कर असं नाही म्हणत हं मी, कुंदा.”

“नाही म्हणत ना?”

“नाही.”

हौसाबाईंची एक रीत होती. तोंड कितीही सुरेख झालं तरी शेवटी काजळाचं बोट लावल्याशिवाय माणसाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. दृष्ट लागू नये म्हणून. कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून कानामागं. बावीस वर्षं खुर्चीतल्या प्रत्येकाला मी कानामागं तीट लावत आले, साहेबांनाही. मृण्मयीचं भिंग फिरून झालं की सगळ्यात शेवटी. ती त्याला हसायची, पण अडवायची नाही.

दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. गडहिंग्लजच्या म्हातारीला तिचा मुलगा द्यायचा, तर माझ्या घरातल्या म्हाताऱ्याच्या पुढ्यातून त्याचा मुलगा उचलायचा. एकदा नदीनं उचलला होता. आता दुसऱ्यांदा, ते बघत असताना, मी. आदल्या संध्याकाळी ह्यांनी टीव्हीसमोरची खुर्ची पुसून घेतली. उद्या मफलर घालून आले तर बरं होईल, असं पुटपुटले. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

भाषणाच्या दिवशी मृण्मयीनं भिंग फिरवलं, “झालं,” म्हणाली आणि पलीकडच्या खोलीत यंत्रापाशी जाऊन बसली. मी डबी उघडली. करंगळीवर काजळ घेतलं. हात सवयीनं कानाकडं गेला आणि तिथून परत आला. डाव्या गालावर, मसुरीएवढी.

साहेबांनी आरशात बघितलं. उठून दिव्यांखाली गेले.

काचेपलीकडं मी उभी होते. तिथं एका रांगेत दहा पडदे होते, दहा नमुन्याच्या घरांत काय दिसतंय ते दाखवणारे. दहा पडद्यांवर दहा साहेब. कुणात एखादी आई, कुणात लहान पोरगी. दिवा लाल झाला आणि दहाही तोंडं हलली. पाण्यात दगड टाकल्यावर सावली फाटते तशी फाटली. ती काळी तीट जागच्या जागी राहिली आणि तिच्याखालून दहा माणसं एकेक करून निघून गेली. उरला तो एकच, सगळीकडं तोच. बासष्ट वर्षांचा, दमलेला, एक गाल उतरलेला नट.

मृण्मयी उभी राहिली. तिनं तीट बघितली, मग मला बघितलं. तिचा हात यंत्रावर होता. यंत्राला ठिपका हातानं दाखवून दिला असता तर ते लगेच सावरलं असतं. तिनं हात मागं घेतला आणि यंत्राला स्वतः शिकू दिलं.

सत्तर सेकंद लागले. साहेबांना ते काचेतून दिसत होतं. त्यांनी कागद खाली ठेवला.

“आई,” ते म्हणाले, “मी शशी.”

तेवढंच. आणि कागद परत उचलला. मग यंत्रानं तीट शिकून घेतली, गालावरून पुसली आणि दहा पडद्यांवर दहा मेलेली माणसं परत येऊन बसली.

मला तासाभरात माझी रंगपेटी हातात देऊन बाहेर काढलं. जिन्यात साहेब धावत आले. बहिणीचा फोन येऊन गेला होता. आईनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला होता आणि म्हणाली होती, “शशी, किती दमलास रे. घरी ये.” हे सांगताना ते रडत होते आणि मी बावीस वर्षांच्या सवयीनं म्हटलं, “डोळे चोळू नका, रंग पसरेल.”

देशाचं म्हणाल, तर देशानं तक्रारी केल्या. तो परका माणूस कोण, त्याला अटक करा, आमच्या साहेबांना तोतयापासून वाचवा. समीपनं सांगितलं, विरोधकांचा घातपात. साहेबांना शंभरातली सत्तर मतं पडली. सहा महिन्यांचे अधिकारही मिळाले. नंतर ते वाढवून घेतले, तेव्हा कुणी विचारलंही नाही. मृण्मयी नोकरी सोडून गेली म्हणे. कुठं ते माहीत नाही.

भाषणाच्या त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा टीव्ही बंद होता. रंगराव अंधार पडायच्या आधीच दिवा लावून बसले होते.

“काय झालं होतं गं स्टुडिओत?”

“काही नाही. यंत्र बिघडलं.”

“असं होय,” म्हणाले. जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भाषणाला टीव्ही लावला. मतदानाला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी तेवढ्यावर समाधान मानलं. भित्र्या माणसाला समाधान फार लवकर होतं.

शपथविधी सकाळी अकराला होता. आमचा टीव्ही मोठा म्हणून हिराक्का आणि त्यांची सून आल्या, पण बसल्यावर दोघींनी आपापले फोन काढून मांडीवर धरले. मोठ्या पडद्यावर आमचं माणूस दिसणार होतं. त्यांना त्यांचं हवं होतं.

निखिल आला. आता अठरा टक्के म्हणणंही जड होतं. सवयीनं माझ्या डोळ्यांनी उरलेले स्वतःच भरले होते. केस कानांवर. बंद गळ्याचा कोट. त्यानं उजवा हात वर केला. आपला मुलगा देशाचा राष्ट्रपती होताना बघणं कुठल्या आईच्या वाट्याला येतं? मी बघत राहिले. लाज सोडून बघत राहिले.

रंगराव उठले. पडद्याजवळ गेले. डाव्या गालावर बोट टेकवून काहीतरी शोधायला लागले.

“इथं होती,” म्हणाले. “ती तूच लावली होतीस ना?”

मी मान हलवली.

“निखिलला लावायचीस तू तशी. बारशाला. शाळेच्या पहिल्या दिवशी.” त्यांचं बोट तिथंच होतं. त्याखाली निखिल शपथेचे शब्द म्हणत होता. “सत्तर सेकंद तो नव्हता तिथं. मी मोजत बसलो होतो. आता येईल, आता येईल म्हणून. पुरातही तसंच मोजत होतो.”

“अहो, ते यंत्र—”

“यंत्राचं नको सांगू मला.”

हिराक्कांनी मांडीवरचा फोन हळूच पालथा घातला. सुनेनं त्यांच्याकडं बघितलं. बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली होती. ती संपेपर्यंत हे थांबले. मग माझ्याकडं वळले आणि नेहमीच्या आवाजात, स्टँडवर गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाले,

“निखिल गेला, कुंदा. सहा वर्षं झाली. ती नाव मी ढकलली होती.”